डबी बंद, आकडे चालू

(सामुदायिक रेडिओवर शेलार, ता. भिवंडी येथील महिला बचत गटाने केलेले भाषण)

आम्ही शेलारच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं, नदीनाका मागे टाकला की आमचं गाव. मागच्या वेळी आम्ही पापडाच्या पिठाबद्दल बोललो होतो, तेव्हा पुष्कळ जणींनी विचारपूस केली. आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, पण आहे पाण्याचाच.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका मावशींची मुलगी लग्न होऊन शहरात राहते. कुठलं शहर, कुठलं ऑफिस, ते सांगत बसत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं. तिच्या चाळीच्या जागी इमारत झाली, प्रत्येक घराला वेगळा नळ आला, वेगळा मीटर आला, आणि मीटरवर एक करड्या रंगाची प्लास्टिकची डबी बसली. बसवणाऱ्यांनी सांगितलं, आता आकडे लिहायला कुणी दारात येणार नाही. गल्लीतून माणूस हातात मशीन घेऊन गेला, की ही डबी त्याला आपोआप आकडा पाठवणार. त्या डबीला ट्रान्समीटर म्हणतात. आम्ही आपली डबीच म्हणणार.

दोन-तीन वर्षं सगळं बरं चाललं. मग बिलावर ‘सरासरी’ असा शब्द छापून येऊ लागला. मुलीने तिकडे लक्ष दिलं नाही, बिल भरत राहिली. आपण सगळ्याच असं करतो. रक्कम बघतो, तारीख बघतो, बाकीचं बारीक अक्षर कोण वाचतंय! एके दिवशी ती आईला फोनवर म्हणाली, “आई, सासू-सासरे गावी राहायला गेले, घरात आता तिघंच आहोत, तरी पाण्याचं बिल पाच माणसांएवढंच कसं गं येतं?” मावशींनी ते गटाच्या बैठकीत सांगितलं. आमच्यातल्या पाच जणी रविवारी तिच्याकडे गेलो. जेवण झालं, आणि जिन्याखाली टॉर्च घेऊन आम्ही सगळ्या मीटरसमोर उकिडव्या बसलो.

काच पुसली तर आत आकडे छान फिरत होते. मीटर बंद नव्हता! बंद होती ती डबी.

ही गोष्ट आम्हाला आधी माहीत नव्हती, म्हणून तुम्हाला नीट समजावून सांगतो. पाण्याचा मीटर म्हणजे आत एक छोटी चक्री. पाणी आलं की ती फिरते आणि तिच्या फिरण्याने वरच्या तबकडीवरचे आकडे पुढे सरकतात. त्याला वीज लागत नाही, सेल लागत नाही. काळे आकडे म्हणजे युनिट. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर. बाजूला लाल काट्यांच्या लहान तबकड्या असतात, त्या लिटरांचा हिशेब दाखवतात. बऱ्याच मीटरमध्ये एक इवलीशी चांदणीसारखी चक्रीही असते. घरातले सगळे नळ बंद करून बघा. ती तरीही फिरत असेल, तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक संडासच्या टाकीत.

डबीचं काम वेगळं. आकडे फिरताना त्यांच्याबरोबर एक चिमुकलं लोहचुंबक फिरतं. ठरावीक लिटर गेले की ते एका जागेवरून जातं, डबी ते मोजते आणि आपल्याजवळ बेरीज करत राहते. म्हणजे बऱ्याच जातींत डबीला तबकडीवरचा आकडा ‘दिसत’ नाही. ती फक्त टिचक्या मोजते. चार टिचक्या हुकल्या, की डबीची बेरीज एक आणि तबकडीची एक. अशा वेळी खरा आकडा तबकडीचा, हे मनात पक्कं ठेवा.

आता डबी बंद का पडते? आत लिथियमचा सेल असतो, एकदाच वापरायचा, पुन्हा चार्ज न होणारा. पाणी शिरू नये म्हणून आतला भाग लाखेसारख्या पदार्थाने भरून टाकलेला असतो. म्हणून घड्याळाचा सेल बदलावा तसा तो बहुतेक डब्यांत बदलता येत नाही. सेल संपला की डबीच टाकायची. सांगतात की दहा वर्षं चालेल, पंधरा चालेल. पण डबी बसते कुठे? खड्ड्यात. वर लोखंडी झाकण. पावसाळ्यात खड्डा भरला, की पाण्यातून रेडिओच्या लहरी धड बाहेर पडत नाहीत. काही जातींच्या डब्या पलीकडून उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा पुन्हा हाका मारत राहतात, आणि त्यातच सेल लवकर संपतो. मीटर आणि डबी यांना जोडणारी वायर असेल, तर तिला उंदीर लागतात. आमच्या एका काकूंनी लगेच म्हटलं, “आपल्याकडे केबल टीव्हीच्या वायरी टिकत नाहीत, ही काय टिकणार!”

आम्हाला वाटलं, हे आपल्याकडचंच रडगाणं असेल. पण गटातल्या एकीची भाची कॅनडात टोरांटोला असते. तिच्याशी बोलताना कळलं, की तिकडेही हेच. टोरांटोच्या महापालिकेने २०१० नंतरच्या काही वर्षांत घरोघरी अशा डब्या बसवल्या. वीस वर्षं चालतील अशा अपेक्षेने. त्या मुदतीच्या कितीतरी आधीच बंद पडू लागल्या. शेवटी सुमारे ४ लाख ७० हजार डब्या, म्हणजे शहरातल्या जवळजवळ सगळ्याच, बदलायचं काम महापालिकेला हाती घ्यावं लागलं. तोवर लोकांना अंदाजाची बिलं. तेव्हा आपण आपल्याला मागास समजायचं कारण नाही. डबी तिथेही मरते. फरक असलाच, तर ती मेल्यावर कुणी विचारतं का आणि कुणाला विचारतं, यात असतो.

परत जिन्याखाली येऊ. मुलीकडे जुनी बिलं होती, पिशवीत कोंबलेली. ती सगळी बाहेर काढली. डबी चालू असतानाचा शेवटचा खरा आकडा होता ४१२. त्यानंतर चौदा महिने, दर महिन्याला ९ युनिट सरासरी. चौदा नव्वे एकशे सव्वीस. म्हणजे ऑफिसच्या कागदावर तिचा आकडा पोचला होता ५३८ वर. आणि मीटरवर समोर दिसत होता ४८६. बावन्न युनिट जास्त! बावन्न हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर भरतील आणि वर दोन हजार लिटर उरतील, एवढ्या पाण्याचे पैसे तिने न वापरता भरले होते. सरासरी काढली होती घरात पाच माणसं असतानाची. माणसं तीन झाली, हे सरासरीला कोण सांगणार?

शेजारच्या वहिनींनी आमचं ऐकलं आणि त्या आपली बिलं घेऊन आल्या. त्यांची डबीही त्याच महिन्यात गेली होती. पण त्यांचं उलटं. सरासरी त्यांचीही ९ च, पण मधल्या काळात दिराचं कुटुंब राहायला आलं, घरात आठ माणसं झाली. शेवटचा खरा आकडा ६५५, मीटरवर आता ८९३. वापरले २३८ युनिट, बिल भरलं १२६ चं. ११२ युनिट मागे. वहिनींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “मी उगाच बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं.”

मैत्रिणींनो, इथे आमच्यात बराच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, वहिनींनी गप्प बसावं. पण डबी आज ना उद्या बदलणारच, आणि बदलताना मीटरचा आकडा लिहिला जाणारच. मग ११२ युनिट एकाच बिलात येणार. जिथे जास्त वापराला जास्त दर असतो, तिथे चौदा महिन्यांचं पाणी एका महिन्यात वापरल्यासारखं दिसतं आणि सगळं वरच्या दराने लागतं. खरं म्हणजे ते महिन्याला फक्त आठ युनिट जास्त होतं. तेव्हा वहिनींनी आपणहून अर्ज दिला, की फरक चौदा महिन्यांत विभागून लावा आणि हप्ते करून द्या. मुलीने दिला, की जास्तीचे बावन्न युनिट पुढच्या बिलांतून वजा करा. दोन्ही अर्जांना मीटरचा फोटो जोडला, त्यात मीटरचा नंबर आणि आकडा दोन्ही दिसतील असा. पोच घेतली. पोच घेताना खिडकीतल्या माणसाने कुरकुर केली, पण शिक्का मारला.

महिन्याभराने डबी बदलायला एक मुलगा आला. तो गोड होता, पण घाईत. त्याला संध्याकाळपर्यंत खूप घरं करायची होती. त्याने डबीचे तीनशे रुपये मागितले. मुलगी म्हणाली, “देते, पावती द्या.” मग तो म्हणाला, “राहू द्या ताई.” आम्ही त्या मुलाला दोष देत नाही. त्याला घरामागे काय मिळत असेल, ते तोच जाणे. पण डबी मुदतीच्या आत गेली असेल, तर ती कुणाच्या खर्चाने बदलायची, हे पुरवठादाराशी केलेल्या करारात लिहिलेलं असतं. म्हणून पावतीशिवाय हातात पैसे टेकवायचे नाहीत.

त्याने दोन्ही घरांच्या डब्या बदलल्या. पुढच्या महिन्यात बिल आलं. ‘सरासरी’ शब्द गेला होता, सगळ्यांना आनंद झाला. आणि मग मुलीने युनिट वाचले. सतरा! तीन माणसांना सतरा. शेजारी वहिनींना आले पाच.

डब्या अदलाबदल झाल्या होत्या. प्रत्येक डबीला तिचा स्वतःचा नंबर असतो. ऑफिसच्या संगणकात ‘हा डबीचा नंबर, या मीटरचा’ अशी जोडी लिहावी लागते. घाईत जोडी चुकली, की तुमचं पाणी शेजारणीच्या नावावर आणि तिचं तुमच्या. डबी चालू आहे, आकडा येतोय, बिलावर काही संशयास्पद लिहिलेलं नाही. आम्हाला वाटतं, बंद डबीपेक्षा हे वाईट. बंद डबी निदान ‘सरासरी’ म्हणून ओरडते तरी.

हे कसं पकडलं, तेही सांगतो. वीस लिटरचा कॅन घेतला. वहिनींनी आपले सगळे नळ बंद ठेवले, मुलीने कॅन पाच वेळा भरला. म्हणजे १०० लिटर. मुलीच्या मीटरवर ०.१ लिहिलेल्या लहान तबकडीचा काटा बरोबर एक घर पुढे सरकला, वहिनींचा जागचा हलला नाही. म्हणजे नळ आणि मीटर ठीक होते. मग डब्यांवरचे नंबर टॉर्च धरून लिहून घेतले आणि ऑफिसात जाऊन संगणकातल्या नंबरांशी ताडून बघा म्हटलं. तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत बघितलं आणि स्वतःच कपाळावर हात मारला. (ते कॅनमधलं पाणी वाया घालवलं नाही हो. जिना धुतला.)

आता तुम्ही म्हणाल, शेलारमध्ये, आपल्या तालुक्यात, घरोघरी अशा डब्या कुठे आहेत? नाहीत. आमच्या तालुक्यातून मुंबईला जाणारे मोठाले नळ आम्ही लहानपणापासून बघतोय. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. भिवंडी तालुक्यातल्या कितीतरी गावांना स्टेम कंपनीचं पाणी मिळतं. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं. ती कंपनी ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे, म्हणजे शेवटी आपलीच. अशा ठिकाणी गावाला पाणी एका मोठ्या मीटरमधून मोजून मिळतं, आणि घरांना वर्षाची ठरलेली पाणीपट्टी. म्हणजे गावाचा हिशेब मापाने, घराचा अंदाजाने. त्या मोठ्या मीटरचा आकडा मात्र गावातल्या किती बायकांनी बघितलाय? आम्ही बैठकीत हात वर करायला सांगितले. एकही हात वर झाला नाही, आमचेसुद्धा नाहीत.

पण डब्या येणार, असं दिसतंय. पुण्यात समान पाणीपुरवठ्याच्या योजनेत ३ लाखांच्या आसपास मीटर बसवायचं ठरलं, तेही दुरून वाचता येणारे. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात गावाच्या पाण्यावर सेन्सर लावून मापण्याचं धोरण आहे. आणि कराडजवळ मलकापूर म्हणून गाव आहे, तिथे तर २००९ च्या सुमारासच चोवीस तास पाण्याची योजना झाली, कोयना नदीचं पाणी, घरोघरी मीटर, आणि दुरून वाचता येणारे. तेव्हा मलकापूर नगरपंचायत होती, काही फार मोठं शहर नव्हे.

मलकापूरवरून एक गोष्ट आठवली, ती सांगितलीच पाहिजे. चोवीस तास पाणी असेल, तर नळ कायम भरलेला असतो आणि मीटर फक्त पाणी मोजतो. आपल्याकडे पाणी येतं तासभर, तेही एक दिवसाआड. नळ मोकळा पडतो, त्यात हवा भरते. पाणी सुटलं की आधी नळ फुसफुसतो की नाही? ती हवा चक्रीतून जाते आणि चक्री गरगर फिरते. म्हणजे हवेचंही बिल. उद्या आपल्या गावात मीटर आले, तर डबी चांगली का वाईट याच्या आधी विचारायचं, पाणी किती तास देणार?

आम्ही डबीच्या विरोधात आहोत असं समजू नका. खड्ड्यात वाकून आकडे वाचणारी माणसं आम्ही बघितलीत. झाकण उचललं की कधी विंचू, कधी साप, कधी गुडघाभर गटाराचं पाणी. ते काम यंत्राने केलं तर चांगलंच. घरात कुलूप असेल तरी आकडा मिळतो. गळती लवकर कळते. आमचं म्हणणं एवढंच, की डबी बसवली म्हणून माणसाने बघायचं सोडू नये. वर्षातून दोनदा तरी कुणीतरी तबकडी डोळ्यांनी बघून डबीचा आकडा ताडावा, आणि दोन महिन्यांच्या वर सरासरी बिल लावू नये. गावात मीटर आले, तर ग्रामपंचायतीच्या ठरावात हे घालून घ्यायचं, असं आम्ही आत्तापासून ठरवलंय. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. त्यांची नावं कागदावर असतात. त्या बैठकीला जातात का, हे ज्याचं त्याने बघावं.

डबी बदलायला आले, तर काय करायचं, हे विचारलंत तर आमचं असं आहे. जुनी काढण्याआधी मीटरचा आकडा आणि मीटरचा नंबर एका चिठ्ठीवर लिहायचा, नव्या डबीचा नंबर त्याखाली, तारीख, आणि त्या माणसाची आणि आपली सही. एक चिठ्ठी त्याला, एक आपल्याला. मोबाइल असेल तर फोटो. पूर्ण मीटरच बदलला, तर नवा कितीवर सुरू होतोय तेही लिहायचं, कारण सगळे शून्यावर सुरू होत नाहीत, तपासणीत थोडं पाणी गेलेलं असतं. आणि पहिलं बिल आलं, की पिशवीत कोंबायच्या आधी वाचायचं.

किती युनिट यायला हवेत, याचा अंदाज कसा करायचा? जल जीवन मिशनचं माप आहे, माणशी दिवसाला ५५ लिटर. घरात पाच माणसं असली तर दिवसाला २७५, महिन्याला सव्वाआठ हजार लिटर. म्हणजे आठ युनिटांच्या आसपास. बिल वीस युनिटांचं आलं, तर एक तर कुठेतरी गळतंय, नाही तर कुठेतरी चुकलंय. आमच्याकडे डाइंगच्या कारखान्यांत एका दिवसात किती पाणी जात असेल, त्याचा हिशेब आमच्या एका वहिनींनी लगेच विचारला. त्याचं उत्तर आमच्याकडे नाही, पण प्रश्न ग्रामसभेसाठी वहीत लिहून ठेवलाय.

मुलीचं आता काय झालं? दोन्ही डब्यांचे नंबर नीट झाले. तिचे बावन्न युनिट तीन बिलांत वजा होत आलेत, थोडे राहिलेत. वहिनींना सहा हप्ते करून दिले. चौदा महिन्यांत विभागून दर लावायच्या अर्जावर मात्र अजून उत्तर नाही. पोचपावती त्यांच्याकडे आहे, आणि या सोमवारी त्या पुन्हा जाणार आहेत. मावशी बरोबर जाणार आहेत.

आणि आम्ही येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता, ग्रामपंचायतीला आधी कळवून, गावाच्या त्या मोठ्या मीटरचा आकडा बघायला जाणार आहोत. एका वहीत तारीख आणि आकडा लिहायचा, मग पुढच्या शुक्रवारी पुन्हा. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या ज्या बायकांना यायचं असेल त्यांनी यावं. टॉर्च आणा, आणि काच पुसायला एखादं जुनं फडकं.